तीन तारांचा फेर

शेताकडे जाणाऱ्या विजेच्या खांबांकडे आपण रोज पाहतो, पण त्यांवरच्या तारा मोजण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही. घरात दिवा लावायला दोन तारा पुरतात. विहिरीवरच्या पंपाला, पिठाच्या गिरणीला किंवा गुऱ्हाळावरच्या चरकाला मात्र फेजच्या तीन तारा लागतात. आपण त्यांना लाल, पिवळी आणि निळी अशी नावे दिली आहेत. वायरमन मंडळी त्यांनाच आर, वाय, बी म्हणतात. या तीन तारांमध्ये एक ठराविक क्रम असतो. तो डोळ्यांना दिसत नाही आणि हात लावून पाहण्यासारखा तर मुळीच नाही. पण तो बदलला की मोटर उलटी फिरू लागते आणि मग घरातल्या माणसाला रात्र रात्र झोप लागत नाही.

हे मी उगाच म्हणत नाही. आमच्या गावी शेजारच्या एका वडीलधाऱ्या शेतकऱ्यांच्या बोअरचे पाणी ऐन कांदा पोसण्याच्या दिवसांत एकाएकी आटले. मोटर चालत होती, आवाज नेहमीसारखाच होता, पण पाइपाच्या तोंडाशी करंगळीएवढी धार. बोअर गेली असे सगळ्यांनीच ठरवून टाकले. पंप वर काढणारी मंडळी आली, सगळा पाइप उपसला, पंप उघडला, पुन्हा बसवला. पैसे गेले आणि चार दिवसही गेले. पंपात काहीच खोट नव्हती. पाचव्या दिवशी कोणी तरी सहज विचारले, "डीपी जळाली होती, ती नवी कधी बसली हो?" पाणी आटले त्याच्या आदल्या दिवशीच ती बसली होती! स्टार्टरमधल्या दोन तारांची अदलाबदल केली आणि पाणी पहिल्यासारखे धो धो आले. कांदा वाचला, पण निम्माच.

आता या गोष्टीत दोन प्रश्न आहेत. तारांची अदलाबदल केल्याने मोटर सुलटी का झाली, हा पहिला. आणि ज्या डीपीत, म्हणजे रोहित्रात, फिरणारा एकही भाग नसतो, त्या रोहित्राच्या बदलण्याने मोटर उलटी का व्हावी, हा दुसरा. माझ्या मते दुसरा प्रश्न अधिक गमतीचा आहे. पण पहिल्याचे उत्तर ठाऊक असल्याशिवाय तो सुटायचा नाही.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी मोठ्या विहिरीवर दोन-दोन, तीन-तीन मोटा चालत. एकच मोट असली म्हणजे पाणी कसे येई? मोट वर आली, थारोळ्यात ओतली, की पाटात लोंढा. मग बैल मागे सरत धावेच्या वरच्या टोकाला येईपर्यंत आणि मोट पुन्हा भरून वर येईपर्यंत पाट रिकामा. तीन मोटा असल्या आणि तिन्ही मोटकऱ्यांनी एकदमच बैल हाकले, तर लोंढा मोठा येईल, पण मधली खोट तशीच राहील. शहाणे मोटकरी तसे करीत नसत. एकाची मोट ओतली जात असता दुसऱ्याची निम्म्या वाटेवर आणि तिसऱ्याची नुकती बुडत असे. त्यामुळे पाटाचे पाणी सारखे वाहत राही. तीन फेजची वीज हा अगदी हाच प्रकार आहे. जनित्रात तारांच्या तीन गुंडाळ्या वर्तुळात सारख्या अंतरावर बसवलेल्या असतात आणि त्यांच्या मधून चुंबक फिरत असतो. तो प्रत्येक गुंडाळीसमोरून पाळीपाळीने जातो. म्हणून तिन्ही तारांत विजेचा दाब सारखाच चढतो-उतरतो, पण एकदम नव्हे, एकामागून एक.

किती मागून? आपल्या देशात विजेची एक चढउतार सेकंदाच्या पन्नासाव्या भागात पुरी होते. तिचे तीन सारखे वाटे केले तर लाल तारेतला दाब शिगेला पोचल्यावर एका सेकंदाच्या दीडशेव्या भागाने पिवळ्या तारेतला शिगेला पोचतो आणि तेवढ्याच वेळाने निळ्या तारेतला. मग पुन्हा लाल. गणिताच्या भाषेत सांगायचे तर पुरे वर्तुळ ३६० अंशांचे, म्हणून प्रत्येकात १२० अंशांचे अंतर. तीन मोटांचा पाट जसा सारखा वाहतो, तशी या तीन तारांवर सारखा भार असलेल्या मोटरला मिळणारी एकूण शक्ती कोणत्याही क्षणी सारखीच असते. आणि तिन्ही दाबांची बेरीज केव्हाही करा, शून्यच येईल: एक पुरता वर असतो तेव्हा बाकीचे दोघे निम्मे निम्मे खाली असतात. म्हणूनच तीन फेजच्या मोटरला प्रवाह परत नेण्यासाठी चौथी तार लागत नाही. प्रत्येक तार उरलेल्या दोघींची परतीची वाट असते.

आता मोटर. तिच्या बाहेरच्या स्थिर भागातही अशाच तीन गुंडाळ्या गोलाकार बसवलेल्या असतात. शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग जरूर करून दाखवावा. त्याला वीज लागत नाही. टेबलावर मधोमध एक होकायंत्र ठेवा. तीन मुलांना एकेक पट्टीचुंबक देऊन त्याच्याभोवती सारख्या अंतरावर उभे करा. सर्वांनी चुंबकाचे उत्तर टोक होकायंत्राकडे धरायचे, पण पाळीपाळीने: पहिल्याने पुढे करून मागे घ्यायचा, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने, पुन्हा पहिल्याने. सुई एकेकाकडे वळत वळत गोल फिरू लागेल. मुले जागच्या जागी उभी आहेत, चुंबकही फिरत नाहीत, तरी सुई फिरते. मोटरच्या आत हेच घडते. तीन स्थिर गुंडाळ्यांतून प्रवाह पाळीपाळीने चढतो आणि त्यांच्यामधल्या पोकळीत एक चुंबकीय क्षेत्र गरगर फिरू लागते. मधला लोखंडी रोटर त्याच्या मागे धावतो. चार ध्रुवांच्या मोटरमध्ये हे क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते आणि रोटर त्याला कधीच गाठू शकत नाही. तो १४४०च्या आसपास राहतो. त्याने गाठले तर ओढणारे बळच नाहीसे होईल.

मग दुसऱ्या आणि तिसऱ्या मुलाच्या पाळ्या बदला. मुले जागा सोडणार नाहीत, फक्त पहिला, तिसरा, दुसरा अशी पाळी लावा. सुई उलटी फिरेल. मोटरच्या दोन तारांची अदलाबदल म्हणजे एवढेच.

एक शंका चौकस मुले हमखास काढतात, आणि काढावीच. दोन तारा बदलल्याने मोटर उलटी होते, तर तिन्ही बदलल्या तर काय? भोंडल्याचा फेर आठवा. लाली, पिवळी आणि निळी अशा तिघी मुली फेर धरून फिरत आहेत आणि तुम्ही बाजूला उभे आहात. तुमच्या समोरून लाली, पिवळी, निळी, लाली, पिवळी, निळी अशा त्या जातात. कोणी "पिवळी, निळी, लाली" अशी मोजणी सुरू केली तरी फेर तोच. सुरुवात तेवढी दुसरीकडून. तीन तारा तीन खुंट्यांना जोडण्याच्या एकंदर सहा रीती आहेत. त्यांतल्या तीन एका दिशेच्या आणि तीन उलट दिशेच्या. तिन्ही तारा एकेक घर पुढे सरकवल्या तर दिशा बदलत नाही. कोणत्याही दोनच बदलल्या तर बदलते. कोणत्या दोन, याला महत्त्व नाही.

या फिरत्या क्षेत्राची कल्पना इटलीतल्या तुरिन शहरी गॅलिलिओ फेरारिस या प्राध्यापकाने १८८५ साली प्रयोगाने दाखवली आणि १८८८त प्रसिद्ध केली; त्याच वर्षी अमेरिकेत निकोला टेस्लाला या प्रकारच्या मोटरची पेटंटे मिळाली. दोघांनीही आधी दोन फेजांचा विचार केला होता. तीन फेजांची व्यवस्थित मोटर १८८९च्या सुमारास बर्लिनमध्ये काम करणाऱ्या मिखाइल डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की या रशियन इंजिनिअरने सिद्ध केली. तीन फेजांचे रोहित्रही त्याचेच. १८९१ साली जर्मनीतल्या लाउफेन या गावच्या धबधब्यावर तयार केलेली वीज १७५ किलोमीटर दूर फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात नेऊन दाखवली गेली. तिथे तिने सुमारे हजार दिवे तर पेटवलेच, पण शंभर अश्वशक्तीच्या मोटरने पंप चालवून एक कृत्रिम धबधबाही वाहता ठेवला. म्हणजे तीन फेजांच्या विजेने जगाला पहिले मोठे काम करून दाखवले ते पाणी उपसण्याचे! आपल्याकडे खोपोलीचे जलविद्युत् केंद्र १९१५ साली सुरू झाले आणि कोयनेची वीज १९६२पासून मिळू लागली.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. रोहित्र म्हणजे काय? तेलात बुडवलेला लोखंडी पत्र्यांचा गाभा आणि त्याच्या तीन खांबांवर गुंडाळलेल्या तारा. प्रत्येक खांबावर दोन गुंडाळ्या: एक पुष्कळ वळशांची, जिला ११,००० व्होल्टच्या वरच्या तारा येऊन मिळतात, दुसरी थोड्या वळशांची, जिच्यातून आपल्या पंपाला लागणारा चारशेच्या घरातला दाब निघतो. दोन्हींमध्ये तारेचा संबंध नाही. चुंबकाच्या द्वारे एकीतली हालचाल दुसरीत उमटते. काही फिरत नाही, म्हणून काही उलटही होऊ शकत नाही असे वाटते. पण रोहित्र हा निष्ठावंत निरोप्या आहे. वरच्या बाजूला पहिल्या खांबावर जे आधी घडले ते खालच्या बाजूलाही पहिल्या खांबावरच आधी घडणार. वर लाल, पिवळा, निळा असा क्रम आला तर खाली तोच. वर लाल, निळा, पिवळा आला तर खालीही तोच. रोहित्र आपल्या मनाने क्रम बदलत नाही. तो बदलतात ते त्याच्या वरच्या किंवा खालच्या खुंट्यांना तारा जोडणारे हात.

जळालेली डीपी उतरवताना तीन तारा वरच्या आणि चार खालच्या सोडवाव्या लागतात. पावसात, संध्याकाळी, घाईने हे काम चाललेले असते. खांबावर कोणती तार कोणत्या जागी आहे यावरूनही खात्री देता येत नाही. लांब पल्ल्याच्या वाहिन्यांत तर तिन्ही तारांवर सारखा परिणाम व्हावा म्हणून ठराविक अंतरांवर त्यांच्या जागा मुद्दाम बदललेल्या असतात. दोन तारा इकडच्या तिकडे जायला वेळ लागत नाही. दिवे लावून पाहिले तर सगळे पेटतात, कारण दिव्याला क्रमाशी काही कर्तव्य नसते. व्होल्टमीटरही तिन्हीकडे बरोबर आकडा दाखवतो. म्हणून काम करणाऱ्या माणसाला सगळे ठीक वाटते, आणि त्याला मी फारसा दोष देत नाही. क्रम बघणारे एक लहानसे यंत्र असते. ते तीन तारांना लावले की त्यातली चकती सुलट किंवा उलट फिरते. काम संपवताना ते एकदा लावून पाहिले की झाले. ते पेटीत असते कधी, नसते कधी.

रोहित्राच्या अंगावर एक पत्रा ठोकलेला असतो. त्यावर इतर माहितीबरोबर बहुधा "डीवायएन ११" असे लिहिलेले आढळते. विज्ञानाच्या शिक्षकांसाठी या अक्षरांचा उलगडा करतो. ज्यांना नको असेल त्यांनी पुढचे तीन परिच्छेद सोडून दिले तरी चालेल. "डी" म्हणजे डेल्टा: वरच्या बाजूच्या तीन गुंडाळ्या एकमेकींच्या टोकाला टोक लावून त्रिकोणात जोडल्या आहेत. "वाय" म्हणजे स्टार: खालच्या तीन गुंडाळ्यांची एकेक टोके मध्यभागी एकत्र आणली आहेत. "एन" म्हणजे तो मध्यबिंदू न्यूट्रल म्हणून बाहेर काढला आहे. घरातल्या दिव्याची दुसरी तार तीच. आणि ११ हा आकडा घड्याळाचा आहे. वरच्या लाल तारेचा दाब हा बाराच्या आकड्यावरचा मिनिटकाटा समजा. खालच्या लाल तारेचा दाब हा तासकाटा, आणि तो अकरावर आहे. दोघांमध्ये ३० अंशांचे अंतर, म्हणजे सेकंदाच्या सहाशेव्या भागाचे. घड्याळ वाचणाऱ्या माणसाला अकरा म्हणजे बाराच्या मागे असे वाटेल. परंतु विजेच्या आकृत्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात असे मानण्याचा प्रघात आहे, म्हणून इथे अकरा म्हणजे ३० अंश पुढे. हा प्रघात प्रथम शिकताना सर्वांचीच ओढाताण होते.

हे अंतर कुठून येते? त्रिकोणात जोडलेल्या गुंडाळीला एका तारेचा दाब मिळत नाही, दोन तारांमधल्या दाबाचा फरक मिळतो. लाल आणि पिवळी यांच्यामधला फरक हा लालच्या आपल्या दाबापेक्षा ३० अंश आधी शिगेला पोचतो, आणि खालची गुंडाळी त्या फरकाचेच अनुकरण करते. पण हे केव्हा खरे? पिवळी लालच्या मागून येत असेल तेव्हा. तेच रोहित्र जर उलट क्रमाच्या तारांना जोडले तर पिवळी लालच्या आधी येईल, आणि फरक ३० अंश मागे पडेल. पत्र्यावर अकरा लिहिलेले असले तरी रोहित्र एकच्या आकड्याप्रमाणे वागू लागेल. म्हणजे अकरा ही नुसत्या लोखंड-तांब्याची गोष्ट नाही; ती क्रमावरही अवलंबून आहे.

एकट्या डीपीला यातून काही होत नाही. पण साखर कारखान्यासारख्या ठिकाणी दोन रोहित्रे शेजारी शेजारी एकाच भारावर जोडायची असतात, तेव्हा हा हिशोब जिवावरचा होतो. जोडण्यापूर्वी दोन्हींचे न्यूट्रल एकत्र करून एकीची लाल आणि दुसरीची लाल यांच्यामध्ये व्होल्टमीटर धरतात; तसेच पिवळी-पिवळी आणि निळी-निळी. तिन्ही ठिकाणी शून्य आले तरच जोडायचे. एका ठिकाणी शून्य आणि दोन ठिकाणी ४१५च्या आसपास व्होल्ट आले तर दोन तारा उलटसुलट झाल्या आहेत. तिन्ही ठिकाणी ४१५ आले तर तारा एकेक घर सरकल्या आहेत. गंमत अशी की या दुसऱ्या प्रकारात क्रम दाखवणारी चकती दोन्हीकडे सुलटीच फिरते! क्रम बरोबर असणे आणि लाल ती लालच असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोटरला पहिलीच पुरते. रोहित्राला रोहित्र जोडायचे तर दोन्ही लागतात. आणखी एक खोच आहे. वरच्या बाजूला दोन तारा उलटल्या म्हणून कोणी खालच्या बाजूलाही त्याच दोन उलटून टाकल्या, तर क्रम पुन्हा सुलटा होतो, मोटरी नीट फिरतात, पण ते अकराऐवजी एकचेच रोहित्र राहते. शेजारच्या अकराच्या रोहित्राशी त्याचे ६० अंशांचे अंतर पडते आणि तिन्ही ठिकाणी २४०च्या आसपास व्होल्ट दिसतात. ते न पाहता जोडले तर दोन्ही रोहित्रांतून एवढा प्रवाह धावेल की फ्यूज उडाले तर नशीब समजायचे.

देशभरच्या वीजकेंद्रांतही हीच तपासणी वेगळ्या यंत्रांनी होते. सोलापूर-रायचूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी ३१ डिसेंबर २०१३ रोजी जोडली गेली आणि दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाच्या जाळ्याला मिळाले. तेव्हापासून देशाच्या मुख्य जाळ्यावरची सगळी जनित्रे एकाच ठेक्यावर फिरत आहेत. त्या जाळ्याला नवे जनित्र जोडताना दाब, वेग आणि वेळ तर जुळावी लागतेच, पण मुळात तीन तारांचा क्रम जुळावा लागतो.

पुन्हा आपल्या विहिरीवर येऊ. पंप उलटा फिरला की पाणी परत विहिरीत ढकलले जाते, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाही. आपले बहुतेक पंप पाण्याला मध्यातून घेऊन कडेला भिरकावणारे असतात. भिरकावण्याचे काम पंखा कोणत्याही दिशेने फिरला तरी होते, म्हणून थोडेसे पाणी पुढेच जाते. परंतु पंख्याची पाती एका दिशेसाठी वाकवलेली असतात आणि भोवतालचे शंखाकृती घरही त्याच दिशेसाठी केलेले असते. उलट फिरताना पाणी पात्यांवर आणि भिंतींवर नुसते आपटते. उंची थोडी असली तर बारीक धार येते, जास्त असली तर काहीच येत नाही. म्हणूनच "मोटर चालते पण पाणी नाही" असा पेच पडतो आणि माणूस विहिरीला दोष देतो. बोअरमधल्या पाणबुडी मोटरला तर याचा दुहेरी त्रास. ती बाजूने वाहणाऱ्या पाण्यानेच थंड राहते. पाणी उचललेच जात नसेल तर आत तापत राहते. काही पंपांत पंखा दांड्यावर आट्यांनी बसवलेला असतो. उलट फिरण्याने तो सैल होण्याचाही संभव असतो. मळणी यंत्र किंवा चरक उलटा फिरला तर धोका पाण्याचा नसून हातापायांचा आहे, कारण जवळ उभ्या असलेल्या माणसाची सवय सुलट्या फिरण्याची असते. अशा यंत्राला डीपी बदलल्यावर पट्टा उतरवूनच पहिल्यांदा मोटर चालू करावी.

दिशा ओळखायची कशी? जमिनीवरच्या मोटरवर बाण कोरलेला असतो; क्षणभर चालू करून लगेच बंद करावी आणि मागचा पंखा थांबता थांबता कोणीकडे फिरतो ते पाहावे. पाणबुडी मोटर दिसत नाही. तिथे दोन्ही क्रमांनी थोडा थोडा वेळ चालवून ज्या क्रमाने पाणी जास्त येते तो बरोबर समजावा.

समजा, मोटर उलटी आहे असे कळले. लगेच तारा बदलू नका. आधी शेजारच्या शेतात जाऊन विचारा. फक्त तुमचीच उलटी असेल तर बदल तुमच्या खांबापासून स्टार्टरपर्यंत कुठे तरी झाला आहे. जाणत्या वायरमनकडून, मुख्य स्विच बंद करून आणि फ्यूज काढून, स्टार्टरमधल्या दोन तारा बदलून घ्याव्यात. पण एका डीपीवरच्या सगळ्यांच्याच मोटरी उलट्या फिरत असतील तर चूक डीपीपाशी आहे आणि ती तिथेच, वीज कंपनीच्या माणसांकडून, दुरुस्त करून घ्यायला हवी. अनेक डीप्यांवर एकदमच असे झाले असेल तर ती ११,००० च्या वाहिनीतच कुठे तरी झाली आहे. असे प्रसंगी गावात काय होते? दहा शेतकरी आपापल्या स्टार्टरमध्ये दहा वेळा तारा बदलतात आणि काम भागवतात. पुढे कधी तरी कोणी डीपीवरची चूक सुधारतो आणि दहाही मोटरी पुन्हा उलट्या होतात. तेव्हा मात्र त्या सुधारणाऱ्याच्या नावाने शिमगा!

क्रम उलटणे आणि फेज जाणे यांची गल्लत करू नये. फेज गेली म्हणजे तीनपैकी एक तार मुकी झाली. मोटर थांबलेली असेल तर नुसती गुरगुरते, उठत नाही. चालू असेल तर उरलेल्या दोन तारांवर जादा प्रवाह ओढत रखडते आणि जळते. क्रम उलटला तर मोटर जोमाने उठते, आवाजही गोड असतो. म्हणून ते लवकर ध्यानात येत नाही.

ज्या शाळेत किंवा कॉलेजात तीन फेजची वीज आणि नीट प्रयोगशाळा आहे, तिथे फिरणाऱ्या चकतीवाचूनही क्रम ओळखता येतो. दोन सारखे दिवे आणि त्यांच्या रोधाला साजेसा एक कपॅसिटर घ्यायचा. तिघांची एकेक टोके एकत्र जोडायची आणि उरलेली तीन टोके तीन तारांना लावायची. एक दिवा प्रखर लागतो, दुसरा मंद. कपॅसिटरची तार पहिली धरली तर प्रखर दिव्याची दुसरी आणि मंद दिव्याची तिसरी. हिशोब केला तर प्रखर दिव्यावर नेहमीच्या दीडपट, म्हणजे ३६०च्या आसपास व्होल्ट येतात आणि मंद दिव्यावर अवघे ९५च्या सुमारास. म्हणून एकेका दिव्याच्या जागी दोन दिवे एकापुढे एक जोडावे लागतात, नाही तर प्रखर दिवा फुटतो. गणित शिकवणाऱ्यांनी हा हिशोब मुलांकडून फळ्यावर करून घ्यावा. प्रत्यक्ष जोडणी मात्र प्रयोगशाळेतल्या जाणकारानेच करावी. शेतावर याच्या वाटेला कोणीही जाऊ नये.

अलीकडे पुष्कळ विहिरींवर आपोआप चालू होणारे स्टार्टर आले आहेत. पाळी रात्रीची असली की वीज येते, मोटर आपली आपण सुरू होते आणि मालक घरी निजलेला असतो. अशा ठिकाणी क्रम उलटला तर मोटर रात्रभर पाण्यावाचून फिरत राहील. त्यावर उपाय म्हणून क्रम पाहणारा रिले बसवता येतो. फेज गेली किंवा क्रम उलटला की तो मोटरला उठूच देत नाही. सकाळी येऊन पाहावे तर मोटर बंद. मग "हा डबाच बिघडला" म्हणून तो काढून मोटर थेट जोडण्याची आपल्याकडे घाई होते. तसे करण्याआधी गावात डीपीचे काम झाले आहे का, याची चौकशी करावी. आणि तारा बदलायच्याच झाल्या तर रिलेच्या अलीकडच्या, म्हणजे खांबाकडून त्याच्यात येणाऱ्या, दोन तारा बदलायच्या. पलीकडच्या, मोटरकडे जाणाऱ्या तारा कितीही बदलल्या तरी रिलेला त्या दिसत नाहीत आणि तो मोटर चालू होऊ देणार नाही.